उंच्या, मुका, तीनबोट्या आणि बाकीचे

२ एप्रिल

नगरपालिकेनं तलावाच्या फाटकावर नोटीस चिकटवली आहे. तलाव बुजवणार आणि त्यावर गाड्या उभ्या करायची जागा करणार! हरकत असेल त्यांनी तीस मे रोजी सभागृहात सुनावणीला यावं. मी नोटीस दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना हातातली पिशवी कधी खाली पडली ते कळलंसुद्धा नाही, बटाटे उतारावरून गडगडत गेले. लोक बटाटे गोळा करून देत होते आणि मी नुसती "बुजवणार?" एवढंच म्हणत होते.

आमचा पोहण्याचा तलाव चौसष्ट वर्षांपूर्वी लोकांनी स्वतःच्या हातांनी खणला. एका उन्हाळ्यात, एक्केचाळीस दिवसांत. बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, रहिवासी मंडळाचे चिटणीस. फाटकाजवळच्या दगडावर कोरलंय, 'घाम गाळणाऱ्या रहिवाशांसाठी'. मी पोहायला तिथेच शिकले, बुडता बुडता वाचलेही तिथेच. तीन वर्षांपूर्वी पंप जळाला, तेव्हापासून तळ कोरडा आणि फाटक कायमचं कुलूपबंद.

बाबांना सांगितलं नाही. एक्याण्णव वर्षांचा माणूस. अर्धा वेळ इथे असतात, अर्धा वेळ कुठे असतात ते त्यांनाच ठाऊक. दिवे लागल्यावर रोजच्यासारखं विचारलं, "कुलूप लावलंस का?" म्हटलं, लावलं. आमच्या घरात चोरण्यासारखं माझ्या दाढेवरच्या सोन्याच्या टोपीशिवाय काही नाही, पण हा प्रश्न गेली काही वर्षं रोज आहे.

३ एप्रिल

मंडळाची सभा. अकरा सभासद, आले सात, त्यातले दोन पंख्याखाली बसायला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, लोकांना आता तलाव नको, गाडी लावायला जागा हवी. मलासुद्धा हवी." मला असा राग आला! मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, या अध्यक्षालाही शिकवला, सहामाहीत पस्तीस मार्कांवर ढकलला. म्हटलं, "लोकांना आपल्या आजोबांनी काय केलं ते ठाऊक नाही म्हणून नको वाटतो. मी सांगते. रोज संध्याकाळी, तलावाशी, पूर्ण उन्हाळाभर."

मला मंडळाची चिटणीस करून टाकलं. बोलेल त्याच्या गळ्यात घोंगडं.

७ एप्रिल

बाबांच्या ट्रंकेत हजेरीची वही सापडली!  रोज सकाळी सहाला बाबा खड्ड्याच्या काठावर उभे राहून हजेरी घ्यायचे, हे लहानपणी आत्याकडून ऐकलं होतं. वही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. एकशे बारा जण. आणि गंमत म्हणजे खरी नावं नाहीतच, सगळी टोपणनावं. उंच्या, मुका, तीनबोट्या, गवंड्याची थोरली, भाकरवाली, शीळ, दोन नंबरचा बुटका. प्रत्येकापुढे एक्केचाळीस चौकोन आणि चौकोनात बाबांची मोत्यासारखी बरोबरची खूण. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'जो खणेल तो पोहेल.'

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. बाबा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "वही ठेव." मग पुन्हा, "ठेव ती." वस्तू जिथल्या तिथे लागते त्यांना.

९ एप्रिल

फाटकाची किल्ली कोणाकडेच नाही. अध्यक्ष म्हणतात आधीच्या अध्यक्षांकडे, ते तर वर गेले. फाटकासमोरच्या छपराखाली किल्लीवाला बसतो, बहात्तरेक वर्षांचा, कानस घासताना मान तिरकी करून. त्याला बोलावलं. त्यानं कुलुपाच्या भोकात डोकावलंही नाही. जागेवर परत गेला, दहा मिनिटं घासलं आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली. फिरवली तर खटकन उघडलं!

"अहो, न बघता?"

"हे कुलूप ओळखीचं आहे."

म्हटलं, आत या, बघा तरी तलाव. तर म्हणाला, "इथूनच बरं दिसतं." कमाल आहे. समोर आयुष्य काढलं आणि दहा पावलं टाकायचा कंटाळा. अशा लोकांमुळेच तलाव बुजतात.

१५ एप्रिल

कपडे बदलायच्या खोल्यांची बाहेरची भिंत रस्त्यावरून दिसते. ती पांढरी केली आणि एकशे बारा टोपणनावं काळ्या रंगात वितीएवढ्या अक्षरांत लिहिली. खाली माझं वाक्य, 'यांतले तुमचे कोण? या आणि सांगा.'

अंगाला रंग, केसांना रंग. आरशात पाहून स्वतःच दचकले.

२० एप्रिल

लोक येताहेत! मला खरंच वाटत नव्हतं. पहिली आली आमची शिंपीण. भिंतीसमोर उभी राहिली आणि एकदम हात जोडून, "बाई, तीनबोट्या म्हणजे आमचे आजेसासरे. खडक फोडताना दोन बोटं गेली, पण दुसऱ्या दिवशी फडकं बांधून हजर." तिचे डोळे भरले, माझेही भरले. जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

किल्लीवाला रस्त्यापलीकडून ऐकत होता. कानस थांबवून विचारतो, "कोणत्या हाताची बोटं?"

शिंपीण म्हणाली, "डाव्या."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. माणसाला मन आहे की लोखंड? कोणाच्या आजोबांची बोटं तुटली आणि हा चौकशी करतोय हात कोणता.

मग अध्यक्ष आले. म्हणे उंच्या त्यांचे आजोबा. त्यांच्या घरात पाच फुटांवर कोणी गेलेलं मी पाहिलं नाही, पण पूर्वीचं अन्न कसदार होतं. असं मी स्वतःला समजावलं.

२७ एप्रिल

आज दोनशे माणूस. मी खुर्चीवर उभी राहून हजेरी वाचली आणि प्रत्येक नावाला घरचे लोक "हजर!" म्हणून ओरडले. अंगावर काटा आला. चौऱ्याण्णव नावांना घरं मिळाली. मुका तर तीन घरांत वाटून घ्यावा लागला, भांडण झालं.

बाबांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. फाटकापर्यंत ठीक होते. तिथे त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं, किल्लीवाला उठून उभा राहिला होता. तेवढा मान राखतो, चांगलं वाटलं. पण बाबांनी एकदम पंचानं तोंड झाकलं आणि "घरी, घरी" सुरू केलं. ऊन लागलं. माझीच चूक, पाच वाजता ऊन असतंच. त्यांच्याशिवायच कार्यक्रम केला. सगळे म्हणाले, केवढा साधा माणूस, सत्कारसुद्धा नको!

६ मे

हरकतीच्या अर्जावर तीनशे चाळीस सह्या. अध्यक्षांनी आपली गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली आणि ते सगळ्यांना सांगत सुटले. लोक झाडू घेऊन येतात, तळातला पाला काढतात. एका पोरानं विचारलं, "बाई, आपले आजोबा एवढे भारी होते, मग आपण असे का?" मी म्हटलं, हाच तर इतिहासाचा उपयोग.

किती दिवसांनी मी अशी सुखानं दमले आहे.

१२ मे

काय लिहू. 

दुपारी भिंतीवरची काही अक्षरं उन्हानं पोपडली होती, ती गिरवत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून किल्लीवाल्याचा आवाज आला. फाटकाबाहेर उभा, गज धरून.

"बाई, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला की."

"तीनबोट्याची बोटं उजव्या हाताची होती. खडकानं नाही, वीटभट्टीच्या यंत्रात गेली. तो माझा बाप."

मी ब्रश हातात घेऊन तशीच. तो सावकाश बोलत होता, जणू गिऱ्हाइकाला कुलूप समजावतोय. "मुका माझा काका. मुका नव्हता तो, चांगला बोलका होता. तुमच्या वडिलांशी बोलायचा नाही, म्हणून त्यांनी मुका लिहिलं. उंच्या भट्टीवर विटा रचायचा. गवंड्याची थोरली अजून आहे, ऐकू येत नाही तिला. हे सगळे ओढ्यापलीकडच्या भट्टीच्या वस्तीतले, बाई. एकशे बाराच्या एकशे बारा. तुमच्या बाजूचे लोक सरबत घेऊन बघायला यायचे."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! मग तुम्ही पोहायला कधी दिसला नाहीत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "पाणी सोडलं त्या दिवशी तुमच्या वडिलांनी माझ्या बापाला बोलावलं. फाटकाला कुलूप बसवून दे म्हणाले, रात्री गुरं शिरतात. बापानं तीन बोटांनी बसवलं, असं मजबूत की आजवर हललं नाही. मी आठ वर्षांचा होतो, दिवा धरून उभा होतो. संध्याकाळी बसवलं आणि सकाळी पोहायला आलो तेव्हा कळलं, कोणासाठी बसवून घेतलं."

मी त्याला खोटारडा म्हटलं. हो, म्हटलं. तीस वर्षं मुलांना पुरावा मागणारी बाई मी, पुरावा न मागता खोटारडा म्हणून मोकळी झाले.  त्यानं गज सोडले आणि तो छपराखाली जाऊन बसला.

१३ मे

वही आहे ना माझ्याजवळ, बघतेच, असं ठरवून सकाळी बसले. समोरून शेवटपर्यंत पुन्हा वाचली. कुठेही ओढा नाही, कुठेही भट्टी नाही. हुश्श केलं. वही मिटताना ती हातातून निसटली आणि पालथी पडली.

बाबा काटकसरी. घरातली कोणतीही वही ते दोन्ही बाजूंनी वापरायचे, पुढून एक काम आणि उलटी करून मागून दुसरं. मला हे जन्मापासून ठाऊक आहे. माझ्या शाळेच्या वह्यांच्या मागे त्यांनी दुधाच्या नोंदी लिहिल्यात! आणि एवढा महिना मला ही वही उलटी करायचं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागून मंडळाचं इतिवृत्त आहे. शेवटचा ठराव, पाणी सोडलं त्याच दिवसाचा. जसाच्या तसा उतरवते.

'तलावाचा वापर ओढ्याच्या अलीकडील रहिवाशांपुरता राहील. फाटकास आजच कुलूप लावावे. पलीकडील लोकांस त्यांच्या श्रमाबद्दल मंडळ आभारी आहे. ठराव एकमताने मंजूर. हात वर, नऊ.'

खाली चिटणीसाची सही. तेच मोत्यासारखं अक्षर. या अक्षरावर हात फिरवून फिरवून मी अक्षर गिरवायला शिकले.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन जागेवरच होती. मीच उठून मोरीत गेले आणि उलटी केली.

१४ मे

बाबांसमोर वही उलटी करून धरली. वाटलं होतं, म्हणतील विसरलो. रोज सकाळी माझं नाव विसरतात.

त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सगळ्यांनी हात वर केले. मी मोजले."

"आणि तुमचा हात, बाबा?"

"एका हातात पेन होतं."

"दुसरा?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. नऊ सभासद होते, हात नऊ. मला उत्तर मिळालं होतं, तरी मी पुन्हा विचारलं. मी ओरडले त्यांच्यावर. एक्याण्णव वर्षांच्या माणसावर, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. "आणि त्याच्याच हातून कुलूप बसवून घेतलंत? त्याच्याच?" त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "त्याच्याइतकं चांगलं कोणी बसवत नव्हतं."

संध्याकाळी विचारलं, "कुलूप लावलंस का?" मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

१६ मे

अध्यक्षांना वही दाखवली. तोंडात मारल्यासारखे झाले. मग दार लावून घेतलं. "बाई, सुनावणीला चौदा दिवस राहिले. हे आता उकरू नका. लोक पुतळे बघून गोळा होतात, पुतळ्याच्या आतला चिखल बघून नाही."

"उंच्या तुमचा नाही."

"नसू दे! पण माझ्या नातवाला आजवर वाटत होतं का, की आपल्या घरात कोणी काही खणलं? आता वाटतंय. ते काढून घेणार तुम्ही?"

 खरं बोलले तर तलाव जातो, गप्प राहिले तर त्या माणसांचं नावसुद्धा जातं. तेही दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्या अक्षरात, वितीएवढ्या.

शिंपिणीला सांगितलं तर ती मशीन चालवायचीच थांबली. "मग आमचे आजेसासरे?"

"तुला कोणी सांगितलं होतं तीनबोट्या तुमचा म्हणून?"

तिनं मशीनवरचं कापड काढून घडी केली. मग, "कोणीच नाही, बाई. बोटं तुटलेली ऐकली आणि मला तो आपला वाटला." आणि रडायला लागली. मी पहिल्यांदाच पाहिलं, माणूस खोटं बोलून फसवत नाही, खोटं बोलून नातं जोडतो. पण ज्याचं नातं होतं तो समोर बसला होता ना! आणि त्यानं फक्त विचारलं, हात कोणता.

१९ मे

वाचलं.

अडीचशे माणूस होतं. रोजच्यासारखी खुर्चीवर उभी राहिले, हजेरी वाचली, लोक हजर हजर ओरडले. मग वही उलटी केली आणि ठराव वाचला, शेवटी सहीसुद्धा वाचली. "ही सही माझ्या वडिलांची आहे. भिंतीवरची माणसं आपली नाहीत. आपण त्यांचे काहीच लागत नाही. लागत असलो तर एवढंच, की आपण कुलूप लावणाऱ्यांचे."

इतकी शांतता की कानशीचा आवाज ऐकू आला, मग तोही थांबला.

मग एकेक सुरू झाले. "बाईंना ऊन लागलं." "बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडते, ही कसली मुलगी!" "आमच्या बापाला फुकट शिव्या." एकानं अर्ज मागून घेतला आणि स्वतःची सही खोडली. त्याच्यामागे रांग लागली. सही करायला लागली नव्हती एवढी शिस्तीची रांग. तीनशे चाळीसपैकी एकसष्ट उरल्या.

शेवटी मी आणि शिंपीण. ती खुर्च्या आवरत होती. मी रस्ता ओलांडून किल्लीवाल्याकडे गेले. म्हटलं, "तुम्हाला खोटारडा म्हटलं. चुकलं माझं."

"हं," म्हणाला. बसायला डबा पुढे सरकवला. आम्ही दोघं तिथे बसून तलावाकडे बघत होतो. खरंच, तिथून सगळं दिसतं. इतकं स्पष्ट की मला बघवेना.

२३ मे

घरावर कोणीतरी कागद चिकटवलाय, 'बापाला विकणारी'. अक्षर ओळखीचं, नववी ब, नेहमी वेलांटी आखूड. वाईट वाटलं, हसूही आलं.

शिंपीण रोज संध्याकाळी लवकर मशीन झाकून कुठेतरी जाते, विचारलं तर सांगत नाही. बाबा जेवत नाहीत नीट. मीही.

२७ मे

मी चिटणीस आहे, हे एकदम लक्षात आलं! ठराव चिटणीसानं लिहिला, चिटणीस तो रद्द करायला मांडू शकते. सभा बोलावली. रद्द करायला अकरापैकी सहा हात लागतात. आले आठ.

अध्यक्ष म्हणाले, "चौसष्ट वर्षांपूर्वीचा मेलेला ठराव. कशाला?"

"मेलाय तर पुरायला काय हरकत आहे?"

हात वर करा म्हटलं. माझा. शिंपिणीचा. पंख्याखालच्या दोघांचे, मला आश्चर्याचा धक्का! मग पाचवा, दूधवाल्याचा. आणि तिथेच अडलं. मी पेन धरून उभी. अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. मंडळाच्या खोलीतलं घड्याळ बंद आहे, नाहीतर टिकटिक ऐकू आली असती. किती वेळ गेला देव जाणे. मग अध्यक्षांनी, मान वर न करता, कोपर टेबलावरच ठेवून पंजा उचलला.

"नातवानं विचारलं," एवढंच म्हणाले.

मी लिहिलं, 'हात वर, सहा.' लिहिताना पेन उजव्या हातात होतं. डावा मी वर धरला होता.

३० मे

अजून धक्क्यातच आहे. क्रमानं लिहिते.

सभागृहात आम्ही एकवीस. एकसष्टातलेही सगळे आले नाहीत. नगरपालिकेचे अभियंते समोर, जाड फाईल. मी इतिहास सांगायला उठले तर हातानं थांबवलं. "बाई, इतिहास आमच्याकडेही आहे." आणि फाईलमधून वाचायला सुरुवात केली. 'तलावाचा वापर ओढ्याच्या अलीकडील रहिवाशांपुरता राहील...'

 प्रत त्यांच्याकडे होती! चौसष्ट वर्षं, मंडळाच्याच नोंदणीबरोबर लावलेली.

"म्हणजे हा सार्वजनिक तलाव कधी नव्हताच. एका मंडळाचा खासगी. आणि मंडळाच्या वापरातला नाही, तीन वर्षं कोरडा. तेव्हा जनतेच्या हरकतीचा प्रश्नच येत नाही."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक. मी गप्प बसले असते, तर आम्ही तीनशे चाळीस जण याच वाक्यानं चारी मुंड्या चीत झालो असतो, आणि तेही बाबांच्या अक्षरात. मी सत्तावीस तारखेचा ठराव पुढे केला. अभियंत्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"रद्द केलात? म्हणजे आता कोणालाही खुला? पण 'कोणीही' म्हणजे कोण, बाई? इथे एकवीस आहेत."

मी आमच्या एकवीस जणांकडे वळून पाहिलं.  आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं.

आधी किल्लीवाला. त्याच्यामागे दोन जणांच्या खांद्यांवर हात टाकून एक म्हातारी, पाठीत पार वाकलेली. त्यांच्यामागे बायका, बाप्ये, कडेवरची पोरं. येतच राहिले. खुर्च्या भरल्या, मग भिंती भरल्या. मी कोणालाही बोलावलं नव्हतं. शिंपीण खाली मान घालून बसली होती, आणि मग मला कळलं, ती गेले दहा दिवस संध्याकाळी कुठे जात होती.

किल्लीवाला पुढे आला. "नावं सांगायचीत, साहेब. एकशे बारा आहेत, वेळ लागेल."

आणि सांगायला लागला. टोपणनावं नाहीत. खरी नावं, बापाच्या नावासकट. एकेक घर उभं राहत होतं. मी महिनाभर जी नावं खुर्चीवर उभी राहून ओरडले त्यांतलं एकही मला ठाऊक नव्हतं! अभियंत्यांनी मधेच पेन उचललं आणि ते स्वतः लिहून घ्यायला लागले. दीड तास. कोणी उठलं नाही. म्हातारीला ऐकू येत नव्हतं, तिला कोपरानं ढोसलं तेव्हा तिनं बोट वर केलं. गवंड्याची थोरली, वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस दिवस हजर. एक दिवस गैरहजर, बाळंतपण.

निकाल, बुजवण्याला एक वर्षाची स्थगिती. तेवढ्यात पंप दुरुस्त करून तलाव सगळ्यांना खुला करून दाखवायचा. जिंकलो म्हणावं का? माहीत नाही. बाहेर आल्यावर अध्यक्ष किल्लीवाल्यासमोर उभे राहिले आणि इतिहासात पस्तीस मार्क मिळालेला हा माणूस म्हणाला, "उंच्याचं कोण आहे तुमच्यात? मला माफी मागायची आहे."

३१ मे

सकाळी किल्लीवाला हत्यारांची पेटी घेऊन फाटकाशी आला. किल्लीला हातही लावला नाही. अख्खं कुलूपच उतरवायला बसला. गंजलेले खिळे, तेल घालून, ठोकून, दोन तास. "बापानं मजबूत बसवलंय," दर खिळ्याला म्हणत होता. अभिमानानं की रागानं, मला कळलं नाही, त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

निघालं. त्यानं ते पेटीत टाकलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेला. पायऱ्या उतरून कोरड्या तळात, मधोमध. वर बघितलं. म्हणाला, "खोल आहे की."

आठ वर्षांचं पोर बोललं ते. मला तिथे उभं राहवेना, भिंतीमागे जाऊन रडले.

संध्याकाळी बाबांचं तोंड पुसलं, उशी नीट केली. दिवे लागले.

"कुलूप लावलंस का?"

"नाही, बाबा. काढलं. तीनबोट्याच्या मुलानं काढलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकं सरळ कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. "मग सकाळी येतील ते," म्हणाले, "वही आण."

मी वही आणली. खरी नावं मी काल समोरच्या बाजूनं प्रत्येक टोपणनावाशेजारी लिहून काढली आहेत. एकेक वाचायला लागले. पहिल्या नावाला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्याला ओठ हलले. तिसरं तीनबोट्याचं. ते मी सावकाश वाचलं, बापाच्या नावासकट. बाबांनी दुलईतून डावा हात काढला, कापत कापत वर धरला आणि म्हणाले, "हजर."

मी माफ केलं नाही. करायचं माझ्या हातात नाहीच. पण एकशे बारा नावं वाचून होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. शेवटी शेवटी थरथरायला लागला, तेव्हा मी कोपराखाली माझा हात लावला आणि पुढचं नाव वाचलं.